एका नंबराला साडेपाचशे रुपये

पुतण्याचा सीईटीचा निकाल १६ जून २०२५ ला लागला. पेरणीचे दिवस. माझ्या कृषी सेवा केंद्रात सोयाबीनच्या बियाण्याला गर्दी होती आणि बियाण्याच्या पिशवीबरोबर प्रत्येक गिऱ्हाईक एक प्रश्न फुकट देत होतं : "पोराला मार्क किती पडले?"

प्रश्न सरळ आहे. परीक्षा दोनशे मार्कांची. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका मार्काचे, गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन मार्कांचे. पोरगं नांदेडला जाऊन तीन तास संगणकापुढं बसून आलं. निकाल आला. मग सांगा की मार्क! पण पंचाईत अशी, की निकालाच्या कागदावर मार्क नावाचा रकानाच नाही. तीन विषयांपुढं तीन पर्सेंटाईल आणि खाली एकूण पर्सेंटाईल. पुतण्याचं एकूण ८८.०४१२५३७.

"म्हंजे अठ्ठ्याऐंशी टक्के."

"टक्के नाही, पर्सेंटाईल."

"तेच की."

"तेच नाही."

"मंग मार्क सांग ना बापा. लपवायला काऊन लागला?"

दुपारपर्यंत गावात बातमी गेली, की दुकानदाराचा पुतण्या नापास झाला असावा, कारण दुकानदार मार्क सांगत नाही.

संध्याकाळी घरी आलो तर आबा वाट बघत बसलेले. घरात तेव्हा फरशी उखडून टाईल्स बसवायचं काम चालू होतं, त्यामुळं आबांच्या डोक्यात सगळा व्यवहार एकत्र झाला होता. "पर टाईल अठ्ठ्याऐंशी रुपयं? मिस्तरी तर पासष्ट म्हणला होता," म्हणाले.

आबांना खरा आकडा सांगावा म्हणून पुतण्यानं वही काढली. उत्तरतालिका येते तेव्हा पोरं आपापली उत्तरं तिच्याशी ताडून मार्कांचा हिशोब मांडतात. त्याच्या हिशोबानं दोनशेपैकी ९७ होत होते. झालं! आबांनी चष्मा काढला. "दोनशेत सत्त्याण्णव? निम्मे बी नाहीत. अन् पेढे कशाचे वाटायला लागला रे?" वैनींच्या हातातला पेढ्यांचा पुडा तिथंच थांबला. मी आबांना म्हणालो, "आबा, निम्मे नाहीत हे खरं. पण शंभरातली अठ्ठ्याऐंशी पोरं त्याच्या मागं हायत." आबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे त्यायला याच्याहून बी कमी पडले? मंग तो पेपर काढणारा धरला पायजे."

आबांना तेव्हा जे कळलं ते मला कळायला फेब्रुवारीपासून जूनपर्यंत वेळ लागला. पर्सेंटाईल पोराला किती येतं ते सांगत नाही. बाकीच्यांना किती येत नाही ते सांगतं. सूत्र अगदी किराणा दुकानात मांडता येईल असं आहे : तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क पडलेले किती, ते मोजा. सत्राला हजर असलेल्या एकूण पोरांनी भागा. शंभरानं गुणा. संपलं. यात तुम्ही स्वतःही मोजले जाता, म्हणून पहिला आलेला पूर्ण शंभरावर जातो. शंभर पर्सेंटाईल म्हणजे दोनशेपैकी दोनशे असं गावातला प्रत्येक माणूस समजतो, पेपरातल्या फोटोंकडं बघून पोरांना शिव्याही घालतो. पण एखाद्या सत्रात पहिल्या पोराला १९० पडले तरी तो शंभरच. आणि सत्राला एकटंच पोरगं हजर राहिलं, त्याला शून्य मार्क पडले, तरी सूत्रानं त्याचं पर्सेंटाईल शंभर! गावात एकच डॉक्टर असला की तो जसा नामांकित असतो, तसं.

गैरहजर पोरं धरत नाहीत. ती मागं राहिली असं म्हणायची सोय नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं मी याच वाक्यापायी हजार रुपयांना बुडालो.

आता सत्राचं काय, ते. राज्याच्या सीईटी कक्षाची ही परीक्षा संगणकावर होते. फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या गटाला २०२५ मध्ये चार लाख बावीस हजारांच्या वर पोरं बसली. एवढे संगणक एका दिवशी आणायचे कुठून? म्हणून सकाळ-दुपार करत १९ ते २७ एप्रिलपर्यंत परीक्षा चालली, आणि प्रत्येक सत्राला पेपर वेगळा. एकाला अवघड, एकाला सोपा. हे शेतकऱ्याला समजावायला दोन मिनिटं लागत नाहीत. भारी, ओलिताच्या जमिनीत एकरी दहा क्विंटल सोयाबीन काढणारा आणि माळावरच्या मुरमाड जमिनीत पाच काढणारा, यात शेतकरी चांगला कोणता? क्विंटल मोजून कळणार नाही. माळावरच्याची तुलना माळावरच्यांशी करा, ओलितवाल्याची ओलितवाल्यांशी. ज्याच्या मागं त्याच्या-त्याच्या शिवारातले जास्त, तो चांगला. सीईटीवाले हेच करतात. त्याला ते नॉर्मलायझेशन म्हणतात. आमच्याकडं त्याला "पान्याचा फरक" म्हणतात.

फक्त शेतात जे होत नाही ते परीक्षेत होतं. २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताच्या पन्नासपैकी एकवीस प्रश्नांची उत्तरंच चुकीची निघाली. योग्य पर्याय चारांत नव्हताच. सुमारे सत्तावीस हजार पोरांना ५ मे ला पुन्हा बसवलं. दुबार पेरणी. सुदैवानं पुतण्याचं सत्र आधीचं होतं.

आणि चुकीच्या उत्तराला या परीक्षेत मार्क कापत नाहीत. त्यामुळं उत्तर येवो न येवो, प्रश्न रिकामा कोणी सोडत नाही. चार पर्याय, दीडशे प्रश्न. डोळे झाकून बटणं दाबत गेलं तरी सरासरी दोनशेत पन्नास पडायला हरकत नाही. आमच्या गोठ्यातली म्हैस माऊसवर उभी केली तरी तिचं पर्सेंटाईल अगदीच लाज आणणारं निघणार नाही. जेईईत तसं नाही. तिथं बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा. पुतण्यानं जेईई मेनही दिली होती. तिथं त्याला ७१ आणि काही दशांश. तोच पोरगा, तेच डोकं, तोच डबा. सीईटीत ८८, जेईईत ७१. कारण तिथं देशभरातले चौदा लाखांवर, त्यातले कित्येक दोन-दोन वर्षं कोट्यापासून लातूरपर्यंत क्लासमध्ये कोंडून घेतलेले. मागची गर्दी बदलली की आकडा बदलला. भाऊ म्हणाला, "म्हंजे आपला पोरगा हुशार हाय का नाय?" मी म्हणालो, "ते बाजूला कोण बसलंय त्याच्यावर हाय."

आता दशांशांकडं या. दशांशानंतर सात अंक. एवढं बारीक वजन सोनाराकडंही होत नाही. मी दुकानाच्या कॅल्क्युलेटरवर हिशोब केला : चार लाख बावीस हजार पोरांत सातव्या अंकाचा एक म्हणजे एका पोराचा साधारण चोवीसशेवा भाग. आमचा पुतण्या पन्नास किलोचा. म्हणजे सातवा अंक त्याच्या अंगातले एकवीस ग्राम मोजतो. साखर धरली तर चार-पाच चमचे. आता हे अंक उगाच नाहीत, भागाकार केला की निघतातच, आणि एकाच आकड्यावर दोन पोरं आली की भांडण. मग गणिताचं पर्सेंटाईल बघा, मग फिजिक्सचं, मग केमिस्ट्रीचं, असं करत कोणाला तरी पुढं ढकलायचंच. पण पोरं ते सातही अंक पाठ करून सांगतात तेव्हा मला बाजार समितीतले हळदीचे व्यापारी आठवतात. तेसुद्धा कांडी हातात घेऊन, मोडून, वास घेऊन एवढ्या बारकाईनं बघतात, आणि शेवटी भाव बाहेर किती ट्रक उभे आहेत त्याच्यावर लावतात.

ट्रक! म्हणजे गर्दी. आणि इथंच फेब्रुवारीत माझ्या डोक्यात ती कल्पना आली.

हळद शिजवायचे दिवस होते. कुकर लावलेला, सगळ्या शिवारात वाफेचा वास, आणि पुतण्या बाजेवर बसून मला पर्सेंटाईल समजावून सांगत होता. मी म्हणालो, "म्हंजे तुझ्या सत्रात ढ पोरं जास्त आली, तर तुझा आकडा वर जाईल?" तो म्हणाला, "हो काका, पण..." पुढचं मी ऐकलंच नाही. गावात सायन्सला नाव घालून कॉलेजाचं तोंड न बघणारी पोरं किती आहेत हे मला तोंडपाठ होतं, कारण ती सगळी माझ्या दुकानापुढच्या कट्ट्यावरच बसतात. दहा तरी होती. गैरहजर धरत नाहीत, म्हटलं, मग दहाही जणांचे फॉर्म भरू आणि हजर करू. फी हजाराच्या घरात, राखीवला थोडी कमी. हजारानं धरा, दहा हजार. पोराच्या भविष्यापुढं दहा हजार काय!

पुतण्यानं वही ओढली. बारावीच्या पोराला काकाला मूर्ख ठरवायची संधी मिळाली की तो मनापासून अभ्यास करतो. त्यानं मांडलं : एका सत्राला अठ्ठावीस हजारांच्या आसपास पोरं. समजा माझं पर्सेंटाईल ८८ आलं. माझ्या मागं आणखी दहा आणून उभी केली, तर माझं पर्सेंटाईल वाढतं ०.००४ नं. पूर्ण राज्यात त्याचे नंबर होतात अठरा.

"अठरा नंबर!" मी म्हणालो. "दहा हजारांत अठरा. एका नंबराला साडेपाचशे रुपये. स्वस्त हाय."

"काका, पन्नास हजाराव्या नंबराच्या आसपास असताना मी अठरा नंबर पुढं गेलो तर काय फरक पडणार?"

"सोयाबीनला क्विंटलला पन्नास रुपये जास्त मिळाले तर काय फरक पडतो? तरी आपण हिंगोलीला जातोच की."

त्याला उत्तर सुचलं नाही, पण दुसरी अडचण सुचली. कोणतं सत्र कोणाला, हे संगणक ठरवतो. माझे दहा जण भलत्याच सत्रात पडले तर दुसऱ्याच कोणाच्या पोराच्या मागं उभे राहतील, आणि माझ्या पैशानं त्याचं भलं होईल. हे मात्र मला पटलं. दुसऱ्याच्या शेतात खत टाकणं आमच्या घराण्यात नाही.

कल्पना तिथंच संपायला पाहिजे होती. पण तोपर्यंत मी एका पोराला शब्द देऊन बसलो होतो. स्टँडवरच्या हॉटेलवाल्याचा पोरगा. सायन्सला होता खरा, पण मी त्याला पुस्तकासोबत कधी पाहिलं नव्हतं. सकाळी सहापासून भजी तळताना मात्र रोज पाहिलं होतं. मी हॉटेलात चहा पिता पिता म्हणालो होतो, "सीईटीचा फॉर्म भरतो का? फी मी देतो." त्याचा बाप म्हणाला, "सायेब, तेवढं करा बापा, याला कुठं तरी चिकटवा." आता हे ऐकल्यावर मागं फिरायला तोंड नव्हतं. हजार रुपये गेले. म्हटलं जाऊ द्या, एक तर एक. नशिबानं सत्र जुळलं तर पावणेदोन नंबर तरी पदरात.

नशीब जुळलं. दोघांचं एकच सत्र निघालं. दोघं एकाच एसटीनं हिंगोली, तिथून नांदेड. परत आल्यावर मी पुतण्याला विचारलं, "तो काय म्हणला?" पुतण्या म्हणाला, "काही नाही. केमिस्ट्री सोपी गेली म्हणला." मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. केमिस्ट्री सोपी गेली असं ढ पोरगं म्हणत नसतं.

१६ जूनला त्याचं पर्सेंटाईल आलं ९१.

आमच्या घरी पेढे वाटायचे का नाही यावर वाद चाललेला, आणि हॉटेलवाल्यानं तोपर्यंत स्टँडवरच्या सगळ्या एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांना जिलबी वाटून टाकली होती. पोरगा भजी तळताना यूट्यूबवर लेक्चरं लावून ठेवायचा म्हणे. कढईच्या मागं मोबाईल टेकवलेला असायचा. मी तो गाण्यांसाठी आहे असं समजत होतो.

मग पुतण्यानं पुन्हा वही काढली. ही पिढी निर्दयी आहे. म्हणाला, "काका, एक पोरगं मागं आणलं असतं तर मला पावणेदोन नंबर मिळाले असते. तुम्ही एक पोरगं पुढं आणलं. त्यात माझं नुकसान किती झालं सांगू?" मी नको म्हणालो. त्यानं सांगितलं. तेरा नंबर. अठ्ठ्याऐंशीवरच्या पोराला मागच्याचा फायदा थोडा आणि पुढच्याचा तोटा सातपट. हे गणित मला पेपरात कधी वाचायला मिळालं नव्हतं. स्वतःच्या पैशानं शिकलो.

पुढं कॅपच्या, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या. निकालाच्या कागदावर रँक नसतो, हे आणखी एक. तुमच्या मागं शंभरात अठ्ठ्याऐंशी असतील, पण प्रवेशाच्या अर्जाला त्यातले किती येतात ते आधी बघायचं, मग गुणवत्ता यादी लागते, मग तिच्यावर हरकती, मग अंतिम यादी. राज्यात इंजिनियरिंगच्या जागा दोन लाखांच्या घरात, म्हणजे ८८ वाल्याला जागा मिळणार हे नक्की. कुठं मिळणार ते सांगायला मात्र आमच्या गावातल्या प्रत्येकाकडं एक मेहुणा होता. पसंतीचे पर्याय तीनशेपर्यंत भरता येतात. भावानं आयुष्यात लग्नासाठीसुद्धा एकच मुलगी पाहिली होती. तो दीडशेव्या कॉलेजाला पोचल्यावर डोकं धरून बसला.

यादीतली अक्षरं तर निव्वळ मंत्र. जीओपीईएनएच. आबांनी कागद दूर धरून वाचलं आणि विचारलं, "हे गोपेन्ह कोण? गोपीनाथ का?" जी म्हणजे सर्वसाधारण, मुलींची जागा असेल तर एल, मधे प्रवर्ग, आणि शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी. स्वतःच्या विद्यापीठाच्या भागातल्या पोरांना सत्तर टक्के जागा, बाहेरच्यांना तीस. आमचं विद्यापीठ नांदेडचं, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा. हिंगोली जिल्हा त्यातच येतो. आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या गावाचं नाव पुसेगाव, आणि पुसेगाव म्हटलं की पुण्या-मुंबईचा माणूस लगेच हात जोडून "सेवागिरी महाराजांची यात्रा कधी?" विचारतो. ते पुसेगाव साताऱ्याचं, खटाव तालुक्यातलं. आमचं सेनगाव तालुक्यातलं. साताऱ्याकडच्या पोराचं होम युनिव्हर्सिटी कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, आमचं नांदेड. एकाच नावाच्या दोन गावांतल्या, एकाच पर्सेंटाईलच्या दोन पोरांना विष्णुपुरीचं श्री गुरू गोबिंदसिंगजी कॉलेज सारखं लांब नसतं. आमच्या पाहुण्यांनी तर आम्हाला सांगून ठेवलं होतं, की सांगलीचं वालचंद तुम्हाला घरचंच आहे. त्यांनी पुसेगाव चुकीचं धरलं होतं.

पुतण्याला दुसऱ्या फेरीत संभाजीनगरच्या एका खाजगी कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळालं. ते पहिल्या तीन पसंतींतलं होतं, त्यामुळं तिथंच गाडी थांबवावी लागली. कॉम्प्युटर त्याला हवं होतं, ते आठ-दहा पर्सेंटाईल वर होतं. तेरा नंबरांनी त्यात काही बिघडलं नव्हतं, हे मी त्याला रोज सांगायचो. हॉटेलवाल्याच्या पोरालाही संभाजीनगरच मिळालं, आयटी. दोघं एका खोलीत राहतात. खोलीचं भाडं, डबा, सगळं निम्मं-निम्मं. मागं-पुढं कोणी नाही. स्वयंपाक मात्र भजीवाला करतो, तिथं आमचा पोरगा निर्विवाद शेवटून पहिला आहे.

आबा अजून समाधानी नाहीत. टाईल्स बसून झाल्या, दोघं पोरं गेली, दिवाळीला परत आली, तरी आबांचा प्रश्न तोच. पोराला पहिल्या सत्राच्या परीक्षेबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "आबा, आता सीजीपीए असतो. दहापैकी." आबा उठून गोठ्यात गेले.

माझं म्हणाल, तर मला आता स्टँडवर चहाचे पैसे द्यावे लागत नाहीत. हॉटेलवाला घेतच नाही. दहा रुपयांचा चहा, हजार रुपये फी, म्हणजे शंभर चहा. मी दुकानाच्या वहीत मागच्या पानावर रेघा ओढतो. काल त्रेसष्टावा झाला.